काळ्या रानात अंथरलेला काथ्या

घोडेगावजवळच्या एका वस्तीचा रस्ता माझ्याकडे आला, तेव्हा मला कनिष्ठ अभियंता म्हणून नोकरीत लागून जेमतेम वर्ष झालं होतं. जमीन काळी, भारी. पावसाळ्यात फुगायची, उन्हाळ्यात भेगाळायची. दर वर्षी टाकलेला मुरूम दर वर्षी चिखलात गडप व्हायचा. वस्तीवरची एक बाई रोज सकाळी दुधाची किटली डोक्यावर घेऊन, गुडघाभर गाळ तुडवत डांबरी रस्त्यापर्यंत जायची. दुधाचा टेम्पो आत येतच नसे.

मी साहेबांना म्हटलं, मातीवर काथ्याची जाळी अंथरून वर मुरूम टाकू. मुरूम खाली रुतणार नाही. साहेब म्हणाले, "मधला दलदलीचा तुकडा करून बघा."

नारळाच्या काथ्याच्या गुंडाळ्या ट्रकमधून उतरल्या तेव्हा सगळी वस्ती बघायला आली. रोलर चालवणाऱ्या काकांनी जाळी बोटांनी चाचपली.

"म्याडम, ह्यो तर सोफ्यातला काथ्या. रस्त्याला गादी घालता व्हय? दोन सालात कुजंल की."

"कुजेल काका. पण तोवर खालची माती दबून घट्ट झालेली असेल."

त्यांना पटलं नाही. तरी जाळी ताणून धरायला, खिळे ठोकायला तेच सगळ्यांत पुढे. जाळीवर थेट चाक जाऊ नये म्हणून आम्ही डंपर आधी टाकलेल्या मुरमावरूनच मागे मागे घेत होतो. मी दिवसभर त्याच्या बाजूनं पळत ओरडत होते. संध्याकाळी घसा बसला होता, पण मन हवेत होतं.

गणपतीनंतर सलग चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी पहाटेच मी स्कूटी काढली. सुरुवातीच्या, जाळी नसलेल्या भागात स्कूटी फसली. ती तिथंच सोडून मी चालत निघाले. मधल्या तुकड्यावर पाय ठेवला, तर खाली टणक. टाच मारून बघितली, पुन्हा मारली. पाणी दोन्ही कडांना वाहून गेलं होतं. मी भर रस्त्यात एकटीच हसत सुटले.

तेवढ्यात ती दूधवाली बाई आली. हातातली चप्पल तिनं तुकड्यावर येताच पायांत घातली.

"काल उसाचं बेणं भरलेला ट्रॅक्टर आमच्या रानातनं हितवर आला," ती म्हणाली. "पुढं त्या गाऱ्यात फसला, रातच्याला वढून काढला. पन ह्या तुकड्यावर चाक दबलं न्हाई. मी सवता बघितलं."

मी खिशातली पट्टी काढून चाकोरी मोजायला बसले. खात्रीसाठी तीन वेळा मोजली. मोजण्यासारखं फारसं काही नव्हतंच. फोटो काढून साहेबांना पाठवले. पाच मिनिटांत फोन आला.

"बाकीच्या रस्त्याचा प्रस्ताव आजच द्या."

मी तिथंच बांधावर बसून वही उघडली. बाई शेजारी बसली आणि तिच्या दारापर्यंतचं अंतर पावलांत सांगू लागली.