विहिरीच्या पंपाचं ऑइल

त्या दोन डब्यांची केस मला आजही काल घडल्यासारखी आठवते. मी चौथी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन घरी आलो, तेही कोणाच्या चिठ्ठीवर नाही. त्यामुळे आपलं चुकतं असं मला सहसा वाटायचं नाही. त्या वेळी मी केज तालुक्यातल्या एका ठाण्यात जमादार होतो.

साल दुष्काळाचं. विहिरींनी तळ दाखवला होता. तिथल्या सहकारी सोसायटीकडे सभासदांना द्यायची पंपाची डिझेल इंजिनं होती, ती गोदामात पडून होती. सोसायटीनं चारा छावण्यांवर फिरायला नवी जीप घेतली होती. आजारी माणूस अंबाजोगाईला न्यायचा तर त्या आठ-दहा गावांत तीच एक गाडी. ऐन थंडीत, दोन महिन्यांच्या आत तिचं इंजिन जाम झालं. चेअरमननं तक्रार दिली की ड्रायव्हरनं चांगलं ऑइल विकलं आणि जळकं ऑइल इंजिनात ओतलं.

आमच्या खबऱ्यानं सांगितलं, ड्रायव्हरच्या खाटेखाली डबे आहेत. पंच घेऊन गेलो. जीपला लागणाऱ्या तीस नंबरच्या ऑइलचे दोन सीलबंद डबे निघाले. पंचनामा केला. इंजिनातलं ऑइल काढून एक बाटली सील केली, दुसरी मिस्त्रीला दाखवायला ठेवली. माझ्या मनात केस तिथंच संपली होती.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर ड्रायव्हरला समोर बसवलं. डबे कुणाचे विचारलं तर म्हणाला, माझे. कशाला आणले विचारलं तर खाली बघत बसला. तासभर तेच. बाहेर लिंबाखाली त्याची बायको बसली होती. नोकरी गेली तर आम्हाला मुकादमाच्या टोळीत ऊस तोडायला जावं लागेल, पोरींची शाळा सुटेल, एवढंच ती येणाऱ्या-जाणाऱ्या शिपायाला सांगत होती.

गप्प बसतो तो गुन्हेगार, असा माझा हिशेब. मी बाह्या वर सारल्या.

तेवढ्यात मिस्त्री आला. साठीचा, कानावर बिडी, सगळा तालुका त्याला चाचा म्हणायचा. त्यानं बाटलीतलं ऑइल दोन बोटांत चोळलं, हुंगलं.

"जमादार, हे जळकं न्हाई. चांगलं ऑइल हाय. पण गाडीचं न्हाई, पंपाचं हाय, घट्ट."

मी म्हणालो, घट्ट आहे ना, मग चांगलंच की.

"तुमी चोर धरा, ऑइल माझ्यावर सोडा," चाचा म्हणाला, आणि दुकानातून तीस नंबरचं वाटीभर मागवलं. ते आणायला गेलेला शिपाई खबरही घेऊन आला: ड्रायव्हरनं ते दोन डबे आठ दिवसांमागं त्याच दुकानातून, स्वतःच्या पैशानं नेले होते.

चाचानं कोठडीतली जेवायची थाळी घेतली, दोन्ही ऑइलं शेजारी-शेजारी ओतली आणि थाळी तिरकी धरली. तीस नंबर सरळ काठाला आलं. दुसरं जागचं हलायला तयार नव्हतं.

"पंप एकाच चालीनं दिसभर चालतो, तापतो, त्याला घट्ट लागतं. या नव्या इंजिनाच्या फटी बारीक. थंडीत गाडी चालू केली की हे वर चढंस्तोवर लोखंडावर लोखंड घासतंय."

मग मी आवाज खाली आणून ड्रायव्हरला विचारलं, पंपाचं ऑइल गाडीत घालायला सांगितलं कोणी?

त्याचे डोळे भरले. "मामाचं नाव लिवू नका, साहेब. त्यानंच नोकरीला लावलंय मला."

मामा म्हणजे सोसायटीचा गोदामकीपर. पंप बंद, ऑइलचं पिंप भरलेलं, वाया जाऊ नये म्हणून त्यानं ते जीपला घालायला लावलं. भाचा नको म्हणाला तर मामा म्हणाला, ऑइल ते ऑइल. म्हणून यानं स्वतःचे डबे आणले. रविवारी गुपचूप बदलणार होता. गाडी शुक्रवारीच बसली.

गोदामकीपरला बोलावलं. त्यानं टोपी काढून हातात घेतली. "मला वाटलं, घट्ट ते चांगलं." तासापूर्वी मीही तेच बोललो होतो. त्याला काय झापणार?

चोरी झालीच नव्हती. तसा अहवाल वर पाठवला, चेअरमनला थाळी दाखवली. ड्रायव्हर कामावर राहिला, इंजिन दुरुस्त झालं. जाताना चाचानं विचारलं, ठाण्याच्या जीपला काय घालता? मी म्हणालो, घट्टच. म्हणाला, "तिला चालतंय. ती तुमच्यासारखी झिजलीय."

पुढच्या थंडीत पहाटे माझ्या बायकोच्या पोटात कळ उठली. ठाण्याची जीप बंदोबस्ताला गेलेली. निरोप धाडला तसा तोच ड्रायव्हर सोसायटीची जीप घेऊन दारात आला. बायकोला मागे निजवलं. त्यानं इंजिन चालू केलं आणि बसून राहिला. मी ओरडलो, चल रे, थांबलास कशाला?

"जरा दम धरा, जमादार. ऑइल वर चढू द्या."

नोकरीत मला थांब म्हणणारे फक्त वरिष्ठ. त्या दिवशी मी ड्रायव्हरचं ऐकलं. मिनिटभर ते इंजिन ऐकत बसलो आणि ज्याच्यावर हात उचलणार होतो त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. गाडी कुठं न अडता अंबाजोगाईला पोचली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

त्यानंतर ठाण्यात कोणी गप्प बसला की मी आधी पाणी मागवायचो आणि वाट बघायचो. चाचा आता नाही. ड्रायव्हर आहे, दिवाळीला येतो. बायको त्याला चहा करून देते, आणि कप माझ्या आधी त्याच्यापुढे ठेवते.