पेटीच्या झाकणाचं ठिगळ

शेजारी कुणाच्या गेटला वेल्डिंग चालू असलं आणि जळक्या रंगाचा वास आला, की मला केडगावचं ते गॅरेज आठवतं. आमच्या जुन्या गाडीचा तळ ड्रायव्हरच्या पायाखाली इतका गंजला होता, की क्लच दाबताना खालचा रस्ता दिसायचा. मिस्त्रींनी चांगला पत्रा लागेपर्यंत गंज कापून काढला आणि ठिगळाला पत्रा मागितला, तेव्हा आईने आपल्या लग्नातल्या पत्र्याच्या पेटीचं झाकण दिलं. त्यावर लाल रंगात तिचं नाव होतं. "मॅटखाली कोन वाचनार हाय?" वडील हसले. "नका वाचू, पन जळू देऊ नका," आई म्हणाली. मिस्त्रींनी झाकणाच्या फक्त कडा घासल्या, नावावर ओलं फडकं टाकलं, आणि वेल्डिंगचा एक टाका इकडे मारला की दुसरा थेट समोरच्या कडेला. "एका दमात ओढलं तर पत्रा वाकंल, नाव बी जाईल," म्हणाले. प्रत्येक टाका निवेपर्यंत ते थांबत, आणि आई फडकं पुन्हा भिजवून देई. संध्याकाळी ठिगळ बसलं, नाव शाबूत. वडिलांनी वर मॅट अंथरली, गाडीत बसले, आणि काय वाटलं कोण जाणे, परत उतरून चपला काढून ठेवल्या. "अनवानी क्लच नीट कळतो," म्हणाले, आणि शेवटपर्यंत तसेच चालवत राहिले. आता ती गाडी माझ्याकडे आहे. परवा मुलीने विचारलं, "बाबा, गाडीत बसताना चपला का काढता?" मी म्हटलं, "क्लच नीट कळतो."