निलंग्याला गोरं करणारे मामा

फ्लेक्सवाल्या मामांनी निलंग्यात जेवढी माणसं गोरी केली, तेवढी कुठल्या क्रीमने केली नसतील. वाढदिवसाच्या बॅनरवर झळकणारा प्रत्येक चेहरा त्यांच्या दुकानातून दुधात बुडवल्यासारखा बाहेर पडे. त्यातही पायऱ्या होत्या. पद जितकं मोठं, तितका उजेड जास्त. खालच्या रांगेतल्या शुभेच्छुक पोरांना मामा जेमतेम गव्हाळ करत. "सायबापेक्षा कार्यकर्ता गोरा दिसला की दोघंबी भांडायला येतेत," एवढंच त्यांचं कारण.

माझी मुलगी वैष्णवी नववीत असताना मी या माणसाकडे गेलो. तिला कॉम्प्युटरवर चित्रं काढायची होती. मी कॉलेजात मराठी शिकवतो. कॉम्प्युटरवर फक्त हजेरी भरतो, तीही चुकते. तरी कॉम्प्युटरला जोडून पेनने काढायची काळी पाटी मागवली, ऑनलाइन क्लासही लावला. पहिल्याच धड्यात तिथला हसरा तरुण म्हणाला, "हे तर तुम्हाला माहीतच असेल," आणि पुढे निघून गेला. आम्ही दोघं मागेच राहिलो. तिचा हात पाटीवर फिरत होता, डोळे पडद्यावर होते आणि पडद्यावर तीन दिवस काहीच उमटत नव्हतं. चौथ्या दिवशी वैष्णवीने पेन खोक्यात ठेवलं. "जाऊ द्या पप्पा, मला न्हाई जमत." बोटभर पेन्सिलीवर वह्यांच्या वह्या भरणाऱ्या पोरीच्या तोंडून ते ऐकून मी घाबरलो. गावात कॉम्प्युटरवर चित्रासारखं काहीतरी करणारा एकच माणूस मला माहीत होता.

मामांनी पाटी उलटसुलट करून पाहिली. "हे पेन मला येत न्हाई सर. मी माऊसवाला." पण लॅपटॉप उघडला तसे हसायला लागले. "अगं बाई, तू सायबाच्या पाठीमागं काढायलीस. दिसल कसं?"

मग त्यांनी स्वतःच्या मशीनवर एक बॅनर उघडून दाखवलं. एकेक थर बंद करत गेले. आधी साहेब गेले, मग हार, मग सूर्यकिरणं. शेवटी उरला नुसता भगवा रंग. "हे समदे वेगळे कागद. एकावर एक ठिवलेले. ज्याला मान, तो वर." वैष्णवीची चित्रं एका कोऱ्या पांढऱ्या थराखाली गेली होती. मामांनी तो थर बाजूला केला आणि तीन दिवसांची मांजरं एकमेकांच्या अंगावर चढलेली अशी एकदम वर आली.

"कळलं का सर?"

"हो."

"त्यांना न्हाई कळलं," मामा वैष्णवीला म्हणाले.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी तिथे जाऊ लागली. मामांची शिकवण्याची रीत अशी होती, की स्वतःला न येणारं ते बेधडक शिकवत. "हाताकडं बघू नको. यष्टीचा ड्रायव्हर गिअरकडं बघतो का?" तिचा हात वळला. केस, दागिने, कपड्यांच्या चुण्या सफाईने येऊ लागल्या. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मान हलवत असे आणि दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा थोडं कमी समजत असे.

दिवाळीत तिने मामांना भेट म्हणून त्यांचंच चित्र दिलं. खरे मामा काळेभोर. दाढा गेल्यामुळे गाल आत गेलेले, डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक. चित्रातले मामा गोरेपान, काळ्याशार मिशांचे, डोक्यामागे किरणं फुटलेले. मी "वा!" म्हणालो. मामांनी कागद लांब धरून पाहिला.

"हा कोण?"

"तुम्हीच की मामा."

"मी न्हाई हा. हे माझं गिऱ्हाईक हाय." त्यांनी कागद हळूच टेबलावर ठेवला. "उद्यापासून इथं येऊ नको, बाई."

"काय चुकलं?"

"काई न्हाई चुकलं. लई बरोबर आलंय. म्हणून तर म्हणतो."

वैष्णवी रडत बाहेर गेली. पोरीची भेट कोण अशी नाकारतं, म्हणून मी तावातावाने विचारलं. मामा खाली बघत म्हणाले, "मला पोटासाठी करावं लागतंय सर. तिला कशाला ही खोड? माझ्याकडं नुसते फोटू येतेत. तिला माणसं बघू द्या." हा अपमान होता की उपकार, ते मला ठरवता येईना.

दहा दिवस पाटी कपाटात होती. अकराव्या दिवशी मी पेपर तपासत बसलो होतो, तेव्हा समोरून आवाज आला, "पप्पा, हलू नका." तासाभराने तिने पडदा माझ्याकडे वळवला. डोळ्यांखालच्या पिशव्या, लोंबलेली हनुवटी, आणि काही न समजता मान हलवणाऱ्या माणसाचा चेहरा. मला ते चित्र मुळीच आवडलं नाही. म्हणूनच बहुधा दुसऱ्या दिवशी मी ते मोबाइलमध्ये घेऊन मामांकडे गेलो.

मामांनी ते बोटांनी मोठं केलं. आधी हनुवटी पाहिली, मग डोळे, मग मला.

"लई वाईट दिसायलाव तुम्ही," ते खुशीत म्हणाले. "तिला म्हणावं, थांबू नको आता."

ती आमची शेवटची भेट. उन्हाळ्यात मशीन विकून ते नांदेडला लेकाकडे राहायला गेले. चित्र दाखवलं त्या दिवशी घरी येऊन मी वैष्णवीला त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, आणि ते चांगले म्हणायचे की वाईट, असं तिलाच विचारलं. तिने आईला खिडकीपाशी बसवलं होतं आणि आई पदराने तोंड पुसत होती. "नको ना पुसू," वैष्णवी म्हणाली, "घाम राहू दे."