तरुबालेची काशुंदी

तरुबाला आमच्या शेजारच्या नीलकांतबाबूंची बायको, माहेर शांतिपूरचं. तिकडे अक्षयतृतीयेला काशुंदीसाठी, म्हणजे मोहरीच्या झणझणीत आंबवलेल्या चटणीसाठी, अख्ख्या आळीची मोहरी हिच्या अंगणात कुटली जायची. लग्न होऊन जलंगी नदीकाठच्या आमच्या गावात आली आणि पहिल्याच वैशाखात तिनं सासूला विचारलं, "मा, मोहरी कुठे ठेवलीय?" सासू, बिराजमोहिनी, उठून आत गेली.

खरं काय ते माझ्या आईनं तिला सांगितलं. काही वर्षांपूर्वी अक्षयतृतीयेलाच बायका घाटावर ओल्या साड्यांनी उभ्या राहून मोहरी धूत होत्या, जीभ हलवत उलूचा मंगलध्वनी करत होत्या. सासूचा धाकटा, खोकन, पलीकडच्या अंगाला पाय घसरून पाण्यात पडला नि बुडाला. त्या उलूच्या गलक्यात त्याची हाक कुणाला ऐकूच गेली नाही. तेव्हापासून त्या घरात काशुंदी बंद. जाणती माणसं म्हणत, त्याच तिथीला घरात जन्म झाला, माणसाचा नाहीतर गाईचा, की बंधन सुटतं.

मग तरुबाला, माझी तरुकाकीमा, आमच्या घरी येऊन आमची काशुंदी करू लागली. ढेकीवर, पायानं चालवायच्या उखळावर, मोहरी कुटताना तिचे डोळे वाहायचे आणि ती हसायची. कैरी किसून, हळद-मीठ नि भाजलेला मसाला घालून नवी मडकी भरायची. झाकण काढलं की झणका थेट टाळूला भिडे. स्वतःच्या घरी मात्र तिनं कधी वाटीभरही नेली नाही. आमच्याकडून परतली की सासू तिला अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नसे.

तिला दोन मुली झाल्या, एक पौषात, एक भाद्रपदात. घाटावरच्या बायका म्हणायच्या, नीलकांतला पंचांग वाचता येत नाही वाटतं. तीही त्यांच्यात हसायची. पण दर खेपेला ती महिने मोजायची, हे आईला ठाऊक होतं.

मग एका अक्षयतृतीयेला, सकाळीच, त्यांची गाय व्याली. तरुकाकीमा मोकळ्या केसांनी धावत आमच्याकडे आली. आईनं तिला जवळ घेतलं आणि दोघी मोहरी घेऊन घाटावर गेल्या. आळीतल्या बायकाही आल्या. मी पायरीवर बसले होते.

तिनं टोपली पाण्यात बुडवली तोच सासू घाट उतरताना दिसली. खोकन गेल्यापासून तिनं त्या पायऱ्यांवर पाऊल ठेवलं नव्हतं. खालच्या पायरीवर येऊन ती बसली. रागावलेली मुळीच वाटत नव्हती.

"बौमा," ती सुनेला म्हणाली, "गाय व्याली म्हणून माझा खोकन परत येणार आहे का गं?"

पाण्याकडे बघत तीच पुढं म्हणाली,

"सगळं होतंच की या घरात. लग्नं झाली, पूजा झाल्या, पोरी झाल्या. वर्षात एक गोष्ट तेवढी त्याच्यामुळे होत नाही. तेवढंच उरलंय त्याचं."

तरुकाकीमा कमरभर पाण्यात उभी होती. मग तिनं टोपली निथळून आईच्या हातात दिली. "तुम्ही धुवा, दीदी," म्हणाली, आणि सासूचा हात धरून तिला वर घेऊन गेली.

त्यानंतर ती आमच्याकडेही मोहरी कुटायला आली नाही. त्या वर्षी आईनं एकटीनं केली ती कडू झाली. पुढं आईही त्या वाटेला गेली नाही.

बऱ्याच वर्षांनी बिराजमोहिनी वारली. मी माहेरपणाला आले होते, वैशाख लागला होता. मी म्हटलं, "काकीमा, आता तुला अडवायला कोण आहे?"

"आता तर मुळीच नाही," ती म्हणाली. "आजवर त्याची आठवण ठेवायला त्या होत्या. आता मी एकटीच." ज्या पोराला तिनं कधी पाहिलंही नव्हतं, त्याच्याबद्दल ती बोलत होती.

गेल्या वर्षी काकीमाची धाकटी लेक आली होती. तिच्या सासरी काशुंदीला मनाई नाही. कशी करायची ते सांग, म्हणून ती आपल्या आईच्या मागे लागली. तरुकाकीमा सांगू लागली आणि पाणी कितपत गरम हवं इथे अडकली. ते हाताला कळायचं, म्हणाली. हात मांडीवर उलटा-पालटा करून बघत राहिली. मग लेकीला म्हणाली, "बाजारात मिळते की. आण एक बाटली."