गाड्या कुठं लावायच्या?

आमच्या ग्रामपंचायतीत तक्रारींची एक वही असते. ती भरली की कपाटात जाते, नवी येते. किस्से मात्र कपाटात मावत नाहीत! केळव्याच्या बाजूला आमचं गाव. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या आल्या की गल्लीत सायकलसुद्धा वळत नाही. तक्रारी लिहून घेणारी क्लार्क मी. त्यामुळे गावाचा राग आधी माझ्या टेबलावर येतो.

*

समुद्राजवळचं पार्किंग वाढवायचं ठरलं. शेजारची मोकळी जागा मोजायला सरपंच मंदाताई टेप घेऊन निघाल्या, मीही बरोबर. तिथं हिराबाई बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होत्या.

मंदाताई म्हणाल्या, "मावशी, ही जागा गाड्यांच्या शेडला लागणार. उन्हात उभ्या असतात बिचाऱ्या."

हिराबाईंनी मानही वर केली नाही. "बाय, माजं बोंबील उन्हात नाय ठेवलं तर नासतात. गाड्या उन्हात ठेवल्या तर नासतात काय?"

मंदाताईंनी टेप गुंडाळला. प्लॅन बदलला, पार्किंग दुसऱ्या बाजूला सरकलं!

*

मग 'नो पार्किंग'चे बोर्ड लागले. पहिल्याच दिवशी बोर्डाखाली एक स्कूटर सापडली. मंदाताईंच्या मिस्टरांची! ताईंनी सगळ्यांदेखत नोटीस दिली.

दुसऱ्या दिवशी मिस्टर माझ्या टेबलाशी हजर. "लिहून घ्या. सरपंच कालपासून घरी बोलत नाहीत."

मी लिहून घेतलं. संध्याकाळी वही सहीला गेली. परत आली तेव्हा खाली ताईंचा शेरा होता : 'चौकशी चालू आहे.'

*

पद्माकरकाकांचा अर्ज दर सोमवारी ठरलेला. 'माझ्या फाटकासमोर लोक गाड्या लावतात.' शेवटी मी आणि आमचे शिपाई जानूकाका पाहायला गेलो. फाटक गंजलेलं. आत गाडी तर सोडाच, सायकलही नाही!

"काका, मग अडचण कसली?"

"पोरगा येल ना पुण्याहून. तो गाडी कुठं लावल?"

पोरगा तीन वर्षांत आला नव्हता. दुसऱ्या दिवशी जानूकाकांनी फाटकासमोर चुन्याने चौकोन आखला, मध्ये 'राखीव' लिहिलं. चुना पुसला गेला की पुन्हा आखून यायचे. कुणी सांगितलं नव्हतं.

गणपतीत पोरगा आला. रिक्षाने!

पद्माकरकाका अनवाणी रस्त्यावर धावले. "ए रिक्षावाल्या, चौकोनात लाव! चौकोनात!"

*

कुसुमताई आमच्या शाळेतल्या निवृत्त बाई. त्यांचे मिस्टर, आम्ही त्यांना सर म्हणतो, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. अकरा महिन्यांत तोंडातून शब्द नाही. बाईंची तक्रार होती बोईसरच्या कारखान्याच्या बसची. रोज दुपारी चार वाजता घरासमोर कर्कश हॉर्न!

मंदाताईंनी बस अडवली. "भैया, यहाँ हॉर्न मत बजाओ. घर में मरीज है."

ड्रायव्हरने कानाला हात लावले. "गलती हो गयी, दीदी." दुसऱ्या दिवसापासून हॉर्न बंद.

आठ दिवसांनी बाई पुन्हा आल्या. पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

"तक्रार मागे घेता येते का गं?"

"का हो बाई?"

"हॉर्न वाजला की हे मान खिडकीकडे वळवायचे. मला वाटायचं, त्रास होतोय. आता चार वाजले की नुसते खिडकीकडे डोळे लावून पडतात. बस येते, जाते. यांना अंथरुणावरून कळतच नाही."

मंदाताईंनी ड्रायव्हरला निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाईंच्या घरी गेलो. चारला बस थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, खिडकीशी आला, हात जोडले.

"बाबूजी, बजाऊँ?"

परत जाऊन त्याने हॉर्न दाबला, आणि दाबूनच धरला. आतले कामगार खिडक्यांतून डोकावायला लागले. सरांची मान वळली. ओठ थरथरले. कुसुमताईंनी घाईने कान जवळ नेला.

"अरे... हळू!"