आमच्या कारभाऱ्यांची जागा बघायची रीत

आमचे कारभारी नव्या जागी गेले की आधी आडवे होत्यात. चहा नाय, पाणी नाय, आधी आडवे. पुंडलिकनगरातला प्लॉट घ्यायच्या आधी हा माणूस चार दुपारी त्या उघड्या रानात टॉवेल अंथरून झोपून आला. प्लॉटवाला घाबरून मला विचारतोय, "वैनी, तब्येत बरी हाय ना यांची?" म्हटलं, तब्येतीला काय धाड भरलीय, डोकं तेवढं मेंढरात राहिलंय. शेवटी वारा पसंत पडला, उतार पसंत पडला, प्लॉट घेतला. नळ किती लांब हाय ते झोपून दिसत नाय. त्या नळाचं पाणी कैक वर्षं मी वाहिलं.

मुंजाबा सोनाजी बंडगर, हे त्यांचं नाव. जन्म वाड्यावरचा. वाडा म्हणजे पाटलाचा चिरेबंदी नव्हं. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या घरांचा जिथं तळ पडतो, त्याला आमच्यात वाडा म्हणत्यात. सासरे सोनाजी सात घरांचे कारभारी होते. ते पुढं जाऊन जागा बघायचे. वारा कुठून येतो, पाणी कुठं साचतं, कुत्री कुठं बिनघोर बसत्यात. स्वतः आडवे होऊन बघायचे, मग मागून सगळा वाडा यायचा. गावात कुणी विचारलं, कोण रं तुम्ही, तर सगळ्यांचं उत्तर एकच, "सोनाजीचा वाडा." सात घरं, तीनशे मेंढरं, लेकरं, म्हाताऱ्या, घोडी, सगळं एका नावावर. बापाकडून आमच्या यांनी ह्या दोन गोष्टी उचलल्या. एक, आडवं होणं. दुसरी, दिसंल त्याला आपल्या नावात घेणं. पहिलीचा तरास एकट्या मला झाला. दुसरीचा कुणाला झाला ते सांगायलाच बसलेय.

मेंढरं विकून हे चिकलठाण्याला एका कंपनीत लागले, ड्रिल मशीनवर. शेजारच्या मशीनवर साहेबराव साळवे. राहायलाबी आम्ही शेजारीच, पत्र्याच्या चाळीत, मधे एक भिंत. साहेबराव भावजी हडकुळे, कमी बोलणारे, सदऱ्याच्या खिशाला कायम पेन. त्यांची बायको वच्छला माझ्यासारखीच तोंडाळ, म्हणून आमचं जमलं.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आन मराठवाडा पेटला. साहेबरावांचं गावाकडचं घर जाळलं, भांड्यांसकट. चार दिवसांनी भर दुपारी पंधरा-वीस पोरं काठ्या घेऊन आमच्या चाळीत शिरली. दारोदार नावं विचारायलेत. आमचे हे दारात उभे राहिले, हातात बापाची काठी, आन म्हणले, "हा माझा वाडा हाय. दोन्ही खोल्या बंडगराच्या. पुढं चला." पोरं पुढं गेली. पलीकडच्या खोलीत साहेबराव दोन पोरींच्या तोंडावर हात ठेवून बसले होते.

ही गोष्ट मी सोळा वर्षं सांगितली. लग्नात सांगितली, बारशात सांगितली, हळदीकुंकवाला तर तिखटमीठ लावून सांगितली. साहेबराव समोर बसलेले असले तर आणखीन जोरात. ते चहाच्या कपात बघत बसायचे. मला वाटायचं, उपकारानं मान खाली जातीय बिचाऱ्याची. माझ्या अकलेचे काय दिवे ओवाळायचे ते ओवाळा.

त्या सोळा वर्षांत भावजी एकाही मोर्चाला चुकले नाय. आठ दिवस तुरुंगात होते तवा हे दोन्ही मशीनी सांभाळायचे आन घरी येऊन पाठ धरून बसायचे. शेवटी चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. साहेबराव पेढे घेऊन आले. म्हणले, "वैनी, गेटापाशी उभा राहून पाटी तीनदा वाचली." त्याच सालच्या मे महिन्यात कंपनीनं जुन्या कामगारांना सुट्टी आन कुठंतरी हिंडून यायचं भाडं दिलं. दोन्ही जोड्यांनी ठरवलं, महाबळेश्वर.

आता माझं ऐका. मला डोंगर नको होता, स्ट्रॉबेरी नको होती, घोड्यावर तर मला मेले तरी बसायचं नव्हतं. मला पाहिजे होत्या चार सकाळी. लग्न झाल्यापासून पहाटे चारला स्टोव्ह पेटवला नाय अशी एक सकाळ माझ्या नशिबात नव्हती. पहिल्या पाळीचा डबा, दुसऱ्या पाळीचा डबा, दिराचा, पोरांचा, सासूची पेज. बाळंतपणातबी अकराव्या दिवशी उठले. चार सकाळी मऊ गादीवर पडून राहायचं आन सूर्यानं दार वाजवलं तरी म्हणायचं, नंतर ये. एवढाच माझा इरादा. एसटीत बसल्यापासून मी त्या गादीचाच विचार करायले.

महाबळेश्वरच्या स्टँडवर उतरलो आन तिथंच भांडण जुंपलं. कुठल्या भागात राहायचं? साहेबराव म्हणले, "स्टँडाजवळच बघू. निघायला बरं." ह्या माणसाचं आयुष्यभर हेच. सिनेमाला गेलं तरी दाराजवळची खुर्ची. वच्छला म्हणली, बाजारात राहू, चणे-फुटाणे खात हिंडू. मी म्हटलं, जिथं गादी जाड तिथं. आन आमचे कारभारी? चिमूटभर माती उचलली, बोटांतनं सोडली, वारा बघितला आन चालायला लागले. आम्ही तिघं बोचकी घेऊन मागं, मेंढरं जशी.

आधी तळ्याकडं नेलं. तिथं दमट हाय म्हणले, पाय कुजत्यात. कुणाचे पाय? आमचे, का मेंढरांचे? मग बाजाराच्या वरल्या अंगाला नेलं. तिथं हॉटेलचा धूर येतो म्हणले. मग एका चढाच्या गल्लीत थांबले. झाडी, कौलारू घरं, आन एका घरापुढं दोन कुत्री चारी पाय वर करून झोपलेली. झालं. यांचा चेहरा असा उजळला की लग्नातबी मी तसा बघितला नव्हता. आन भर रस्त्यात, पुण्या-मुंबईच्या बायका चष्मे सारून बघायलेत, तरी हा माणूस आडवा झाला.

"हीच जागा," म्हणले, जमिनीवरूनच.

वच्छला हसून हसून भिंतीला टेकली. मी डोक्यावर पदर घेतला आन ओळख नसल्यागत उभी राहिले.

घराची मालकीण मालनबाई बाहेर आली. सीझनला दोन खोल्या भाड्यानं द्यायची. गोरीपान, गोड बोलणारी. खोल्या दाखवल्या. अन् गादी काय सांगू! मी हात दाबला तर मनगटापर्यंत आत गेला. चादरीला इस्त्री. खिडकीतनं नुसता डोंगर. मी मनात म्हटलं, कस्तुरा, पोचलीस.

मालनबाईनं वही पुढं केली. म्हणली, "नावं लिहा, पोलिसांचा नियम आहे." आमच्या यांनी गावाचं नाव लिहिलं आन पुढं लिहिलं, "मुंजाबा सोनाजी बंडगर आणि इतर तीन." बापानं शिकवलं तसं. सगळा वाडा एका नावावर. त्यात यांच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं, हे मी कुठंबी शपथ घेऊन सांगंन.

मालनबाईनं वाचलं आन खुलली. "बंडगर होय! सगळे घरचेच ना? बरं झालं बाई. हल्ली कोण कुठला येतो कळत नाही. आम्ही आपले नाव बघूनच ठेवतो. आणि आता तर तुमच्याकडे विद्यापीठालासुद्धा..." असं म्हणून तिनं नाक मुरडलं आन चहा टाकायला आत वळली.

साहेबराव म्हणले, "बाई, वही द्या जरा."

खिशाचं पेन काढलं. मला कळलं काय व्हणार ते. आन त्या वक्ताला माझ्या तोंडून जे निघालं ते मला आजबी आठवलं की मान वर करवत नाय. मी त्यांचा हात धरला आन हळूच म्हणले, "भावजी, चार दिवस गप राहा की. तिला काय कळतंय? यांच्याच नावात राहा. आधीबी राहिलाच होतात."

साहेबरावांनी माझ्याकडं बघितलं. चिडले नाय. चिडले असते तर बरं झालं असतं.

"तवा पोरी होत्या, वैनी," म्हणले. "त्यांच्या तोंडावर हात होता माझा, म्हणून गप बसलो. आज कोण काठी घेऊन आलंय? विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षं रस्त्यावर होतो, आन एका गादीसाठी माझं पुसू?"

आमचे हे गोंधळले. "अरं सायबराव, मी तुला माझ्यातच धरलं की रं!"

"धरलंस. लई मोठं मन तुझं. त्या दिवशी धरलंस म्हणून जिता हाय. पण मुंजाबा, आता सोड."

आन लिहिलं. साहेबराव किसन साळवे. खाली वच्छला साहेबराव साळवे. अक्षर तर छापल्यागत. वच्छला हसायची थांबली होती. तिनं बोचकं पुन्हा उचललं, काही व्हायच्या आधीच. त्या बाईला सवय होती, आन सोळा वर्षं शेजारी राहून मला ते म्हाईत नव्हतं.

मालनबाई आली, वाचलं, आन तिला एकदम आठवलं की पुण्याची मंडळी यायचीत, खोल्या त्यांनी आधीच सांगून ठेवल्यात, ती विसरलीच होती बघा. म्हणली, "तुम्ही दोघं हवं तर एका खोलीत राहा." म्हणजे बंडगर.

मी गादीकडं बघितलं. खोटं कशाला बोलू, बघितलं. माझ्या हाताचा खड्डा अजून तिच्यावर होता. मग माझ्या अंगाचा असा भडका उडाला म्हणता! "मालनबाई," म्हटलं, "तुमच्या पुण्याच्या मंडळीला सांगा, उशाला तुमची वही घेऊन झोपा म्हणावं. तुमच्या घरात माणूस नाय, नुसतं आडनाव झोपतंय." आणखीनबी बोलले. ते इथं सांगण्याजोगं नाय.

आमचे कारभारी कोपऱ्यात उभे. तोंड असं की कळपातलं अर्धं मेंढरू हरवलंय. वहीत आपल्या नावावर आडवी रेघ मारली आन बाहेर आले. कुत्री तशीच झोपलेली. यांनी त्यांच्याकडं बघितलं, हवेत नाक उचललं आन साहेबरावांना म्हणले, "हिथला वारा चांगला नाय. चल, स्टँडाकडं बघू."

उभ्या जन्मात या माणसानं पसंत केलेली जागा बदलली नव्हती. साहेबरावांना ते म्हाईत होतं. त्यांनी यांच्या हातातलं एक बोचकं घेतलं आन दोघं पुढं चालायला लागले.

स्टँडासमोरचं लॉज म्हणजे विचारू नका. जिन्यात अंधार, खाली एसटीची भोंभों, गादी पापडाएवढी. गल्ल्यावरच्या माणसानं मान वर न करता रजिस्टर सरकवलं. "एका खोलीला एक नाव लिहा, बास."

यांनी पेन उचललं. थोडा वेळ तसंच धरलं. मग साहेबरावांपुढं केलं, "तुझं तू लिही." साहेबरावांनी लिहिलं, वच्छलानं लिहिलं. पेन परत यांच्याकडं आलं. यांनी लिहिलं, मुंजाबा सोनाजी बंडगर. आन पुढं लिहायला लागले, "व पत्नी."

मी पेन हिसकून घेतलं.

"व पत्नी कोण?" म्हटलं. "मला नाव नाय व्हय? का मीबी तुमच्या वाड्यातलं मेंढरू?"

साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं, एकेक काढायला वेळ लागतो. मागं एक गुजराती कुटुंब ताटकळलेलं, त्यातला बाप घड्याळ बघायलाय. म्हटलं, थांब रे बाबा, पहिल्यांदाच लिहायलेय. कस्तुरा मुंजाबा बंडगर. ओळ पार वाकडी गेली, साहेबरावांच्या नावाला जाऊन टेकली. पुढं एक रकाना, येण्याचे कारण. गल्ल्यावरचा म्हणला, "पर्यटन लिहा, सगळे तेच लिहितात." मी लिहिलं, "झोपायला."

त्यानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं. साहेबराव वाकून वाचायले, आन हसले. नेहमीचं ओठांतलं नव्हं, मोठ्यानं, दात दाखवून. वच्छलाबी त्यांच्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी पाचला पुण्याच्या गाडीनं खिडकीखाली असा हॉर्न दिला की काचा हलल्या. डोळा उघडला. हात सवयीनं स्टोव्हच्या काड्यापेटीकडं गेला, सापडली भिंत. मी कूस बदलली आन नऊपर्यंत मेल्यागत झोपले. चारी दिवस. हे बिचारे खाली फरशीवर झोपले, खिडकीचा वारा पसंत नाय म्हणून.

परतताना एसटीत साहेबराव दाराजवळच्या सीटवर बसले होते. मी जाऊन म्हटलं, "भावजी, चुकलं माझं. त्या घरातलंबी, आन सोळा वर्षांतलंबी. आता ती चाळीतली गोष्ट कुठं काढायची नाय मी."

त्यांनी सरकून मला शेजारी जागा दिली.

"काढा की," म्हणले. "खोटी थोडीच हाय. पण वैनी, ती सांगितली की ही वहीची बी सांगायची. तिथं गप बसलेला माणूस हिथं बोलला, एवढं लोकांना कळू द्या."

तवापासून दोन्ही सांगते. साहेबराव समोर असले की दुसरी जोरात सांगते, आन ते कपात बघत नाय, माझं कुठं चुकलं तर मधेच दुरुस्त करत्यात.