‘बराबर’ म्हणणारी माणसं

त्या गुरुवारी सकाळी कोर्टात निघालो होतो, तेवढ्यात फोन आला. पलीकडून आवाज, “डॉक्टरबाई गेल्या.” मी विचारलं, “कुठं?” ...इतका मी ढ. मस्तगड भागातल्या त्यांच्या घरात, एकट्याच गेल्या. आता दीड महिना झाला. तरी गुरुवारी चार वाजले की पाय त्यांच्या दवाखान्याकडंच वळतात. घरी तरी कोण वाट बघतंय माझी?

आमची ओळख माझ्या चुकीतून झाली. राजूरच्या रखमामावशींचं घर पुतण्याच्या नावे करायचं बक्षीसपत्र मी तयार केलं होतं. सगळं वाचून दाखवलं. “समजलं ना, मावशी?” “बराबर.” “राजीखुशीनं देताय ना?” “बराबर.” आपल्याकडं माणूस ‘बराबर’ म्हणाला की वकिलाला आणखी काय पाहिजे! मावशींचं मन ठिकाणावर असल्याचा दाखला घ्यायला पुतण्या त्यांना डॉक्टरबाईंकडं घेऊन गेला आणि तासाभरात मलाच बोलावणं आलं. “वकीलसाहेब, जल्दी या.”

गेलो तर पुतण्याला त्यांनी बाहेर बाकड्यावर बसवलेलं. आत डॉक्टरबाई मावशींच्या उजव्या कानाशी स्टूल ओढून बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, चार पावलं मागं गेल्या आणि साध्या आवाजात विचारलं, “मावशी, तुमचं नाव काय?”

मावशी हसून म्हणाल्या, “बराबर.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशींना ऐकूच येत नव्हतं. लाज नको म्हणून सगळ्यालाच ‘बराबर’! डॉक्टरबाई पुन्हा स्टुलावर बसल्या, कानाशी वाकल्या. “आज कोणासंगं जेवलात?” मावशींचं हसू मावळलं. “कोणासंगं जेवनार, बाई? ताट बाहीर सरकवून देतेत. घर न्हाई देयाचं मला... मंग तर बाहीरच काढतीन.” तो कागद मी तिथंच फाडला. पुतण्यानं बाहेर बराच आरडाओरडा केला, तो करू दिला.

त्यानंतर सहा वर्षं दर गुरुवारी आम्ही दोघं त्या खोलीत बसलो. म्हातारी माणसं यायची. दंडावरचा काळानिळा डाग बाईंना दिसायचा, सातबाऱ्यावरून गायब झालेलं नाव मला. नियम एकच होता, ‘बराबर’ म्हणून सुटता येईल असा प्रश्न विचारायचा नाही. मी विसरलो की बाई टेबलाखालून खुशाल लाथ मारायच्या.

आणि शेवटच्या बुधवारी मीच त्यांना फोन केला. “आवाज का बसलाय? तब्येत ठीक ना?”

“बराबर, वकीलसाहेब.”

...आणि मी फोन ठेवला. माझ्या घरापासून मस्तगड दहा मिनिटांवर. गेलो असतो तर? स्वतःचा इतका संताप आयुष्यात कधी आला नव्हता. इतक्या म्हाताऱ्यांना आम्ही जेवणाचं विचारलं, पण बाई कोणासंगं जेवतात हे मी एकदाही विचारलं नाही. त्यांनीही मला नाही.

मागच्या गुरुवारी माझ्याकडं राहिलेल्या किल्लीनं दवाखाना उघडून नुसताच बसलो होतो. रखमामावशी आल्या. आता कानाला यंत्र आहे. “कसं चाललंय, वकीलसाहेब?”

“बराबर,” मी म्हणालो.

मावशींनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग कोपऱ्यातलं ते स्टूल ओढलं आणि माझ्या कानाशी येऊन बसल्या.

“आज कोणासंगं जेवलात?”

“कोणासंगंच न्हाई, मावशी.”